चिमूट म्हणजे किती रे?

बस. त्या बाकावर नको, इथे समोर खुर्चीवर बस. मोबाइल बंद करून पालथा ठेव. चहा मागवणार नाही, तू पाहुणा म्हणून आलेला नाहीस. याच शाळेत, माझ्याच वर्गात पाढे म्हणून गेलास, तेव्हा तुला 'अहो पालक' म्हणायचं नाटक मला जमायचं नाही. पोरगी सुखरूप घरी आली म्हणून आज बोलावलं. त्याच दिवशी बोलावलं असतं तर माझ्या तोंडून काय गेलं असतं सांगता येत नाही.

काल फोनवर म्हणालास, "बाई, थोडीशी रिअ‍ॅक्शन आली होती, आता ठीक आहे." थोडीशी कशी होती ते ऐक, कारण तू तिथे नव्हतास. मैदानावर सव्वीस जानेवारीच्या लेझीमची तालीम चालली होती. तुझी लेक तिसऱ्या रांगेत. मधेच लेझीम खाली टाकून ती तळहात खरवडायला लागली. वरचा ओठ बघता बघता सुजला. मानेवर, पोटावर गांधी उठल्या. ओकली. मग खोकला सुरू झाला तो थांबेना, आणि "बाई" अशी हाक मारली तेव्हा आवाज तिचा नव्हताच. शिपाईमामांनी कपाटातला डबा आणला. तिला आडवं केलं, पाय दप्तरांच्या ढिगावर ठेवले, उभं राहू दिलं नाही. डब्यातला कागद बघून अँप्युल फोडली, इंजेक्शन भरलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध दिलं. तो डबा, तो कागद, आम्हाला शिकवून ठेवणं, हे सगळं कुणी केलं होतं? तिच्या आईनं. जिला तू चारचौघांत 'आमची हेल्थ इन्स्पेक्टर' म्हणतोस, तिनं.

आणि तू काय केलंस? मी रिक्षातून फोन केला तर म्हणालास, "सेट्रिझिन द्या आणि झोपवा, मी संध्याकाळी येतो." अरे, सेट्रिझिननं खाज कमी होते, गांधी बसतात. आवळत चाललेला घसा ती मोकळा करत नाही आणि खाली चाललेला रक्तदाब ती वर आणत नाही. ते काम अ‍ॅड्रेनलिनचं, आणि तेही पहिल्या काही मिनिटांत. मिरजेच्या डॉक्टरांनी त्या कागदावर लाल शाईनं लिहिलंय: आधी इंजेक्शन, गोळी नंतर. त्याच कागदाची प्रत तुमच्या घरी फ्रिजवर चुंबकानं लावलेली आहे म्हणे. त्याच फ्रिजमधून तू रोज पाण्याची बाटली काढतोस ना?

पुढची गंमत सांगू? इस्पितळात पोचलास तेव्हा ती हसत होती, तर लगेच म्हणालास, "बरी झाली की, घरी नेतो." डॉक्टरांनी चार शब्द सुनावले तेव्हा गप्प बसलास. इंजेक्शनचा जोर ओसरल्यावर काही तासांनी तोच प्रकार पुन्हा उसळू शकतो, म्हणून पोराला तिथे थांबवून ठेवतात. बिल वाढवायला नव्हे.

आता मुद्द्यावर येते. त्या दिवशी तिच्या डब्यात पोळी आणि भेंडीची भाजी होती. शाळेत कुणी काही वाटलं नव्हतं. वर्गातल्या एका मुलाची आई रात्री फोनवर रडत होती, "माझ्या पोराच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तर नसेल ना लागली, बाई?" त्या माउलीला रात्रभर झोप नाही. आणि सकाळी तुझी लेक डॉक्टरांना काय सांगते? "बाबा रोज चिमूटभर कूट देतात. गुळात घालून. आईला नाही सांगायचं."

खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे, तू तिच्या आईला ते सगळं ऐकवलंयस. परदेशात हीच ट्रीटमेंट देतात, थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावतात, व्हिडिओ पाहिलाय. पाहिला असशील. उपचार खरा आहे, थोतांड नाही. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये शेंगदाण्याच्या पुडीला औषध म्हणून रीतसर मान्यता मिळाली, ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी. पण व्हिडिओत पुढचं होतं का? तिथे पहिल्या दिवशी सुरुवात अर्ध्या मिलीग्रॅम शेंगदाणा-प्रथिनापासून होते आणि दिवसअखेर पोचतात ते सहा मिलीग्रॅमपर्यंत. तेही दवाखान्यात, डॉक्टर समोर असताना. पुढे दर दोन आठवड्यांनी पायरी चढायची, प्रत्येक नवी पायरी पुन्हा दवाखान्यातच. असे महिनोन्‌महिने गेल्यावर तीनशे मिलीग्रॅम. घरात अ‍ॅड्रेनलिन नसेल तर ते औषध कुणी हातात देत नाही.

आता तुझं गणित करू. गणितात बरा होतास तू. एका मोठ्या शेंगदाण्यात प्रथिन असतं साधारण २५० मिलीग्रॅम. म्हणजे सहा मिलीग्रॅम हा एका दाण्याचा चाळिसावा भाग झाला. दाण्याचे चाळीस तुकडे करून त्यातला एक. आणि तू देत होतास चिमूट. चिमूट म्हणजे किती रे? तुझ्या अंगठ्याची की माझ्या? कूट जाडसर होतं की बारीक? सोमवारची चिमूट आणि गुरुवारची चिमूट सारखी होती हे तू कशावर मोजलंस? सोनाराच्या दुकानात चिमटीनं सोनं घेशील का?

"पण आठवडाभर काहीच झालं नाही, बाई." हेच तर कळायला हवं होतं. हा उपचार घेणाऱ्या मुलांच्या आईबापांना पहिल्या दिवशी कानीकपाळी ओरडून सांगतात, की काल पचलेला डोस आज पचेलच असं नाही. अंगात ताप असेल तर थांबायचं, डॉक्टरांना विचारायचं. उपाशीपोटी द्यायचा नाही. डोस दिल्यावर दोनेक तास पळापळ, खेळ, कवायत काही नाही, कारण शरीर तापलं, रक्त जोरात वाहू लागलं की तेवढ्याच मात्रेला अंग पेटून उठतं. तुझ्या लेकीला बुधवारी रात्री कणकण होती. गुरुवारी सकाळी चहाबिस्किटाच्याही आधी तू तिला गुळाची गोळी दिलीस. आणि तासाभरात ती मैदानावर लेझीम खेळत होती. तिन्ही गोष्टी एका सकाळी. परीक्षेत नापास होण्यासाठी अभ्यास करून जातात तसं झालं हे.

तुझं दुसरं पालुपद, "लहानपणीच चाटवलं असतं तर ही वेळच आली नसती." कुठून तरी ऐकलंयस, अर्धवट. लंडनच्या डॉक्टरांनी केलेला तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, अंगावर तीव्र इसब असलेली नाहीतर अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. ज्यांना लवकर शेंगदाणा सुरू केला त्यांच्यात पाच वर्षांची होईतो अ‍ॅलर्जी फार कमी निघाली. मोठा अभ्यास, त्यानं जगभरचे डॉक्टर सल्ला बदलते झाले. पण तो कशासाठी होता? होऊ नये म्हणून. ज्या बाळांची त्वचेची चाचणी आधीच जोरात उमटली त्यांना त्यांनी घेतलंच नव्हतं. तुझी पोर सात वर्षांची, तिला अ‍ॅलर्जी आहे हे दोनदा सिद्ध झालेलं. प्रतिबंधाचा धडा तू उपचाराच्या पानावर चिकटवलास.

आणि तुझी आई. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, या शाळेला त्यांनी गणपतीत कधी वर्गणी चुकवली नाही. पण "आमच्या वेळी असली खुळं नव्हती" हे मला ऐकवू नका. १९०२ साली फ्रान्सच्या शार्ल रिशे यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिलं, की पहिल्या खेपेला निभावलेलं विष काही आठवड्यांनी अगदी थोडं दिलं तरी कुत्रं काही मिनिटांत दगावतं. त्याबद्दल १९१३ साली त्यांना नोबेल मिळालं. तुझ्या आजीचा जन्मही तेव्हा झाला नसेल. आपल्या गावात कधी पोरं अशी गेली असतील, तर त्यांच्या नावापुढे दृष्ट, बाहेरची बाधा, नाहीतर विषारी काहीतरी चावलं, असं लागलं असेल. नाव नव्हतं म्हणून रोग नव्हता असं होत नाही.

ही आपली सांगली. इथे शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही, हे मलाही कळतं. भडंगात दाणे, आमटीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, वांग्याच्या भरल्या भाजीत कूट, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. संक्रांतीच्या तिळगुळात तिळाइतकंच कूट घालणारी घरं मला माहीत आहेत. तुझ्या बायकोनं यातून वाट कशी काढली ते कधी नीट बघितलंस? मिक्सरचं एक भांडं वेगळं केलंय, त्यात कूट कधीच होत नाही, त्याच्या झाकणावर लाल रिबीन. कोशिंबीर लेकीसाठी खोबऱ्याची. साबुदाण्याची खिचडीही भाजलेल्या खोबऱ्याच्या किसाची. तुझ्या भावानं हौसेनं लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणलं, तेव्हा तिनं ते परत केलं आणि तुम्ही सगळे हसलात. घाण्याच्या तेलात दाण्याचं प्रथिन राहतं रे. रिफाइंडमध्ये ते जवळजवळ उरत नाही, म्हणून डॉक्टर त्या दोन्हींत फरक करतात. तिला हे ठाऊक होतं, तुला नव्हतं, आणि हसत होतास तू.

दुकानातलं पाकीट उलटं करून ती वाचत बसते म्हणून तुला लाज वाटते म्हणे. वाचण्यासारखं असतं म्हणून वाचते. २०२० च्या नियमांनी बंद पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, गहू असल्या गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात. तीळ त्या यादीत नाहीत, हेही तिनंच मला सांगितलं, वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाबद्दल बोलताना. आणि सुट्या पदार्थांना पाकीटच नाही. हलवाई ज्या झाऱ्यानं शेव काढतो त्याच झाऱ्यानं दाणे तळतो. प्रसादाच्या द्रोणावर काय छापलेलं असतं? म्हणून ती विचारते. देवळात विचारते, लग्नात आचाऱ्याकडे जाऊन विचारते, आणि तू लांब उभा राहून दुसरीकडे बघतोस.

तिलाही मी सोडलेलं नाही, ऐकून ठेव. मागच्या वर्षी कुठल्यातरी लॅबनं रक्त काढून लांबलचक यादी हातात दिली आणि तिनं घाबरून तूरडाळ, हरभरा, दूध, सगळं बंद केलं. पोर काठीसारखी झाली. तेव्हा तिला असंच इथे बसवलं होतं. रक्तात खूण दिसली म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असं नसतं. जो पदार्थ पोर रोज खाते आणि पचवते तो कागद बघून बंद करायचा नसतो. मिरजेच्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी एकेक पदार्थ परत सुरू करून दिला. शंका होती ते दवाखान्यात समोर बसवून खाऊ घालून बघितलं. आज ती वरण-भात खाते, दूध पिते. म्हणजे खाऊ घालून बघायचं झालं तर कसं बघतात, याचा धडा तुमच्या घरात होऊन गेलेला आहे. त्या दिवशी तू कामात होतास.

पण मला खरा राग कशाचा आलाय ते अजून बोललेच नाही. कूट दिलंस, चूक झाली, डॉक्टर तुला हवं ते बोलतील. मला राग आलाय तो तिला जे सांगितलंस त्याचा.

ही पोर पहिलीत आली तेव्हा बोलायची नाही. आईनं आणि आम्ही मिळून तिला एकच सवय लावली. कुणीही काही दिलं की विचारायचं, "यात दाणे आहेत का?" मोठ्या माणसाला उत्तर माहीत नसेल तर घ्यायचं नाही, तो रागावला तरी. आणि तोंडात काही वेगळं वाटलं, जिभेला टोचलं, घशात केस अडकल्यासारखं झालं, तर त्या क्षणी सांगायचं, मग तास चालू असो की प्रार्थना. वर्ष गेलं त्यात. गेल्या गणपतीला तिनं मंडळाच्या अध्यक्षांना मोदकाबद्दल विचारलं, सगळ्या लोकांसमोर. मला इतका अभिमान वाटला होता की मी तो प्रसंग शिक्षकांच्या बैठकीत सांगितला. इंजेक्शन कपाटात असतं, आई घरी असते, मी वर्गात चाळीस पोरांच्या मागे असते. तिच्याबरोबर चोवीस तास असते ती फक्त ही सवय.

ती तू एका आठवड्यात मोडलीस. डॉक्टरांना तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुला कुणी सांगितली नसेल. मंगळवारपासून रोज सकाळी गूळ खाल्ल्यावर जिभेला टोचत होतं. सांगितलं नाही. का? तर "बाबा म्हणाले, आपली गंमत आहे." गुरुवारी मैदानावर घशात खवखवायला लागलं, तरी ती लेझीम खेळत राहिली. मी दहा पावलांवर उभी होते. तळहात खरवडायला लागली तेव्हा मला दिसलं म्हणून, नाहीतर ती कोसळेपर्यंत बोलली नसती. आपल्या अंगात काय होतंय ते लपवायचं असतं, आणि ते बाबांसाठी लपवायचं असतं, हे सात वर्षांच्या मुलीला तू शिकवलंस. पुढे आयुष्यात हे तिला कुठे कुठे नडेल याचा विचार कर. फक्त शेंगदाण्याचंच बोलत नाहीये मी.

रडू नकोस. रडायला घर आहे. इथे कामाचं बोल.

पहिलं. आज संध्याकाळी तिच्या आईसमोर, तुझ्या आईसमोर, तू स्वतः लेकीला सांगायचंस की बाबांनी चूक केली आणि अशी गोष्ट कुणीही सांगितली, अगदी बाबांनी, तरी आईला आणि बाईंना सांगायची. गोलगोल नाही, "बाळा, ते आपलं असं झालं" वगैरे नाही. सरळ वाक्यात. सोमवारी मी तिला विचारीन, बाबा काय म्हणाले.

दुसरं. उपचार घ्यायचा असेल तर घ्या. आता इतरही मार्ग निघाले आहेत. अमेरिकेत २०२४ साली एका इंजेक्शनला मान्यता मिळाली, ते दर दोन-चार आठवड्यांनी देतात आणि चुकून पोटात थोडंसं गेलं तर झटका सौम्य राहावा एवढाच त्याचा उपयोग, मनसोक्त दाणे खायला नव्हे. तुमच्या पोरीला काय योग्य, काय परवडेल, काय आपल्याकडे मिळेल, ते डॉक्टर ठरवतील. पण तिथे दोघांनी जायचं. वहीत तू लिहायचंस: काय खाल्लं, किती वाजता, अंगात काय झालं. आजवर तीन वह्या तिच्याच अक्षरात भरल्यात, मी पाहिल्यात. चौथी तुझ्या अक्षरात दिसली पाहिजे. तुझं अक्षर वाईट आहे, चालेल.

तिसरं. शाळेतला डबा आता रिकामा आहे. नव्या अँप्युल दोन आणायच्या, एक पुरली नाही तर दुसरी, तसं डॉक्टरांनीच लिहिलंय. मुदत तपासून घ्यायची. उन्हात नाही, गाडीच्या डिकीत नाही, फ्रिजमध्येही नाही, अंधाऱ्या थंड कपाटात. परदेशात मिळतं तसं आयतं पेनासारखं इंजेक्शन आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून आपल्याला हे हातानं करावं लागतं. आणि म्हणूनच ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आलं पाहिजे. तुझ्या आईलाही. त्या नाही म्हणाल्या तर माझ्याकडे पाठव.

ही बघ, मुदत संपलेली अँप्युल, सरावासाठी डॉक्टरांकडून मागून आणलीय. ही एक मिलीची सिरिंज. आणि हे संत्रं. तिचं वजन वीस किलो, कागदावर काय लिहिलंय? वाच. मोठ्यानं. शून्य पूर्णांक दोन मिली. दोन मिली नव्हे, शून्य पूर्णांक दोन. दशांश चिन्हावर तू चौथीतही घसरायचास.

रुमालात धर आणि मान मोड. तसं नाही, ठिपक्याच्या उलट बाजूला जोर दे. हां. आता भर. सुई वर कर, उजेडाकडे धरून बघ. बुडबुडा आहे. टिचकी मार, तो वर येऊ दे. आता खूण बघून सांग किती आहे. नाही, ते तीन आहे. ओत ते, पुन्हा भर.